पस्तीस म्हणजे किती?

"सिस्टर, कॉटरी पस्तीसवर घ्या."

ऑपरेशन थिएटरमध्ये हे वाक्य दिवसातून कितीदा तरी ऐकू येतं. सिस्टर बटण दाबतात, यंत्राच्या काचेवर ३५ आकडा उमटतो, सर्जन पेन्सिल उचलतात आणि पेडलवर पाय पडतो. हा आकडा वॅटचा. त्या पेन्सिलीच्या टोकाशी माणसाच्या शरीरात खरोखर पस्तीस वॅट पोचतात का, हे मात्र त्या खोलीतल्या कुणालाच दिसत नाही. सगळ्यांचा भरवसा काचेवरच्या आकड्यावर. आकडा चुकत असेल, तर त्याची पहिली खबर रुग्णाच्या शरीरालाच लागणार.

मी तंत्रनिकेतनात बरीच वर्षं इन्स्ट्रुमेंटेशन शिकवलं. माझा एक विद्यार्थी आता रुग्णालयांच्या यंत्रांचं कॅलिब्रेशन करतो. गेल्या उन्हाळ्यात तो म्हणाला, "सर, वर्गात तुम्ही मापनातल्या चुका शिकवायचात ना, त्या बघायला एकदा माझ्याबरोबर चला." आणि मी गेलो.

पश्चिम महाराष्ट्रातलं एक तालुक्याचं गाव. डॉक्टर दांपत्याचं पंचवीस खाटांचं रुग्णालय. सकाळचे साडेसहा वाजलेले. आठला हर्नियाची केस होती, त्याआधी काम आटपायचं होतं. थिएटरमधल्या मामांनी स्टीलची ट्रॉली पुढे ओढून दिली. विद्यार्थ्याने पेटीतून ॲनालायझर काढून ट्रॉलीवर ठेवला. त्याची एक वायर पेन्सिलीच्या सॉकेटला लावली, दुसरी पेशंट प्लेटच्या, म्हणजे रुग्णाच्या अंगाला लावतात आणि वीज जिच्यातून परत जाते त्या प्लेटच्या. वायरी लांब होत्या, उरलेल्या लांबीचं वेटोळं ट्रॉलीवर पडलं. या खोक्याच्या पोटात ठरावीक ओहमचे रेझिस्टर असतात. रुग्णाच्या शरीराच्या जागी ते वीज झेलतात आणि किती झेलली ते सांगतात.

कट मोड, म्हणजे कापण्याचा, ३०० ओहम, काचेवर ३५. ॲनालायझरने ३३ दाखवले. ठीक. कोॲग मोड, म्हणजे रक्त गोठवण्याचा, ५०० ओहम, काचेवर तेच ३५. ॲनालायझर म्हणाला २४.

सिस्टर मागून बघत होत्या. "तरीच!" त्या म्हणाल्या. "मोठे सर रोज म्हणतात, वाढवा, वाढवा."

मला वाटलं, दोष सापडला. विद्यार्थी मात्र काही लिहीना. त्याने वायरीचं वेटोळं सोडवलं. मामांकडून लाकडी स्टूल मागवून घेतलं, ॲनालायझर त्यावर ठेवला आणि दोन्ही वायरी एकमेकींपासून आणि लोखंडापासून दूर, सरळ धरल्या. पुन्हा पेडल दाबलं. या वेळी आकडा २७ आला.

"तीन वॅट कुठे होते?" मी विचारलं.

"ट्रॉलीत, सर."

या लेखाचं मूळ त्या तीन वॅटांत आहे.



आधी या यंत्राविषयी थोडं. आपल्याकडे सगळे त्याला कॉटरी म्हणतात, तसं ते नाव चुकीचं आहे. कॉटरी म्हणजे तापवलेल्या सळईने डाग देणं. ती विद्या आपल्याकडे फार जुनी आहे, सुश्रुतसंहितेत अग्निकर्मावर स्वतंत्र अध्याय आहे. तिथे हत्यार तापतं आणि शरीराला भाजतं. या यंत्राच्या पेन्सिलीचं पातं स्वतः तापलेलं नसतं. त्यातून वीज शरीरात शिरते, ऊतींमधून वाहते आणि उष्णता ऊतींमध्येच निर्माण होते. पेशी साधारण ६० अंशांच्या पुढे गेल्या की त्यांतली प्रथिनं गोठतात आणि रक्तवाहिनी मिटते. १०० अंशांला पेशीतल्या पाण्याची वाफ होते, पेशी फुटते आणि चिरा पडत जातो. आणखी तापवलं की कोळसा. गोठवणं, कापणं आणि जाळणं यांत अंतर एवढंच, आणि ते अंतर वॅट ठरवतात. वेळ आणि पात्याचा आकार यांचाही त्यात वाटा आहे, पण डॉक्टरांच्या हुकमाखाली आकड्यात बांधलेली गोष्ट एकच, ती म्हणजे वॅट.

शरीरातून वीज गेली तरी माणूस झटका खाऊन का उडत नाही? घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, या यंत्रातली सर्वसाधारणपणे तीन ते पाच लाख. इतक्या वेगाच्या विजेला नसा आणि स्नायू दाद देत नाहीत. फ्रेंच शास्त्रज्ञ द'आर्सोनव्हाल याने ही गोष्ट १८९१ च्या सुमारास दाखवून दिली होती. ती थिएटरमध्ये रुळवली मात्र विल्यम बोवी या अमेरिकी माणसाने. बोवी मुळात वनस्पतींचा अभ्यासक. हार्वर्डमध्ये काम करताना त्याने हे यंत्र बांधलं. बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात मेंदूच्या शस्त्रक्रियेचे अध्वर्यू हार्वी कुशिंग यांच्यासमोर एक रुग्ण होता. त्याच्या डोक्यावर रक्ताने भरलेली गाठ होती आणि रक्तस्राव आवरेना म्हणून काही दिवसांपूर्वीच शस्त्रक्रिया अर्ध्यावर सोडावी लागली होती. १ ऑक्टोबर १९२६ रोजी कुशिंगनी बोवीचं यंत्र लावून ती गाठ काढली. १९२८ मध्ये त्यांनी या अनुभवावर लेख प्रसिद्ध केला, आणि बोवी हे माणसाचं नाव यंत्राला चिकटलं. आजही जुने सर्जन "बोवी द्या" असं म्हणतात. बोवीने पेटंटचे हक्क एका कंपनीला एका डॉलरला दिले, अशी नोंद आहे.

म्हणजे या यंत्राची शंभर वर्षं १ ऑक्टोबर २०२६ ला भरतात. त्यातली पुष्कळ वर्षं त्याच्या बटणावर वॅट नव्हतेच. ० ते १०, किंवा ० ते १००, असे नुसते आकडे असत. एका यंत्राचा ४ दुसऱ्या यंत्राच्या ४ शी जुळेलच असं नव्हतं. सर्जन ठिणगीचा आवाज ऐकून आणि ऊतीचा रंग बघून अंदाज घेत. आता काचेवर वॅट आले. पण एकक लिहिलं म्हणजे मोजमाप झालं, असं होत नाही.



पस्तीस वॅट हा आकडा एकट्याने काही सांगत नाही. किती ओहमच्या भारात पस्तीस? रक्ताने भरलेल्या स्नायूचा रोध कमी, चरबीचा जास्त, वाळत आलेल्या ऊतीचा त्याहून जास्त. एका जागी पेन्सिल दोन-तीन सेकंद धरली तरी तिथला रोध काही पटींनी चढतो. म्हणून प्रत्येक यंत्राच्या पुस्तिकेत आलेख असतात, की कोणत्या भाराला कोणत्या मोडमध्ये किती वॅट मिळतील. या यंत्रांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०६०१-२-२ हे सांगतं की प्रत्यक्ष वॅट या आलेखापासून वर किंवा खाली २० टक्क्यांहून जास्त ढळता कामा नयेत.

वीस टक्के म्हणजे ३५ च्या जागी २८ पासून ४२ पर्यंत काहीही चालेल. ही सूट मोठी आहे, आणि तिच्यामागचं कारण पुढे कळेलच. मला जास्त खटकते ती त्याच कलमातली दुसरी गोष्ट. हे २० टक्क्यांचं बंधन यंत्राच्या त्या मोडच्या कमाल क्षमतेच्या १० टक्क्यांच्या वरच लागू होतं. कट मोडची क्षमता ३०० वॅट असेल, तर ३० वॅटच्या खाली हे बंधन नाही. आणि सर्वांत नाजूक कामं याच खालच्या पट्ट्यात चालतात: लहान मुलांची, त्वचेची, पापणीची. तिथे वॅट कमी लावतात ते नेमकेपणासाठीच, आणि नेमकेपणाची हमी तिथेच संपते. खालच्या पट्ट्यात मापणं अवघड आहे हे मला कळतं. पण अवघड आहे म्हणून त्या पट्ट्यात मापायचंच नाही, असा अर्थ कुणी काढू नये. कॅलिब्रेशनवाल्याने ५, १० आणि १५ वॅटवरही आकडे घ्यावेत आणि कागदावर लिहावेत. त्याला कुणाचीही मनाई नाही.



आता ट्रॉलीतल्या तीन वॅटांकडे येऊ.

वीज तारेतूनच वाहते, असं आपण शाळेत शिकतो. ५० आवर्तनांच्या विजेला ते बहुतेक लागू पडतं. पाच लाख आवर्तनांच्या विजेला मात्र हवेतूनही वाट सापडते. तार आणि लोखंडी ट्रॉली यांच्यामध्ये हवा आणि प्लास्टिक आहे. दोन धातूंच्या मध्ये असं काही आलं की कपॅसिटर तयार होतो आणि उच्च वारंवारतेचा प्रवाह त्यातून झिरपतो. वायरींचं वेटोळं ट्रॉलीवर पडलेलं होतं, तेव्हा थोडा प्रवाह रेझिस्टरपर्यंत न पोचता ट्रॉलीतून दुसऱ्या वायरीकडे परतत होता. कोॲगचा व्होल्टेज काही हजारांत असतो, त्यामुळे तिथे ही गळती जास्त. यंत्राने दिलं, ॲनालायझरला मिळालं नाही, आणि दोष यंत्राच्या नावावर लागणार होता.

उलटंही होतं. गळती ॲनालायझरच्या पोटात, प्रवाह मोजणाऱ्या कॉइलच्या पुढे असेल, तर आकडा फुगतो. याचा हिशेब मी वर्गात फळ्यावर करून दाखवायचो. ॲनालायझर प्रवाह मोजतो, त्याचा वर्ग करतो आणि ओहमने गुणतो. समजा भार २००० ओहमचा आहे, आणि त्याला समांतर फक्त ५० पिकोफॅरडची आगंतुक धारिता (कपॅसिटन्स) चिकटली आहे. ५० पिकोफॅरड म्हणजे काहीच नाही, तेवढीला हातभर वायरही पुरते. पण पाच लाख आवर्तनांना तिचा रोध साधारण ६४०० ओहम होतो. कॉइलला रेझिस्टरचा आणि हिचा, दोन्ही प्रवाह एकत्र दिसतात. हिशेब केला तर वॅट जवळजवळ १० टक्क्यांनी जास्त भरतात. मानकाने दिलेल्या सवलतीतला निम्मा भाग यंत्राला हात लावण्याआधीच मापकाने खाऊन टाकला.

रेझिस्टरही साधा चालत नाही. तार गुंडाळून केलेला रेझिस्टर म्हणजे शेवटी एक वेटोळंच, आणि वेटोळं उच्च वारंवारतेला अडवतं. त्यात १० मायक्रोहेन्रीचा इंडक्टन्स असला तर पाच लाख आवर्तनांना त्याचा ३१ ओहमचा अडथळा होतो. १०० ओहमच्या भारात हे कसं दुर्लक्षावं? शिवाय रेझिस्टर तापतो आणि तापला की बदलतो. म्हणून माझा विद्यार्थी तीन-चार सेकंदांतच पेडल सोडायचा आणि पुढच्या वाचनाआधी थांबायचा. घाई असताना हे थांबणं फार जड जातं. आठची केस समोर होती, तरी तो थांबत होता. मला त्याचं कौतुक वाटलं ते तिथे.



तिसरी भानगड तरंगाच्या आकाराची.

कट मोडमध्ये वीज अखंड वाहते, शांत लाटेसारखी. कोॲगमध्ये ती झटक्याझटक्याने येते. पाठ्यपुस्तकांत नेहमी दिला जाणारा आकडा असा की ६ टक्के वेळ वीज चालू, ९४ टक्के वेळ बंद. त्या ६ टक्क्यांत प्रचंड व्होल्टेजचा तडाखा, मग लांब विसावा. विसाव्यात ऊती थंड होते, म्हणून ती फुटत नाही, गोठते.

अशी वीज साध्या मीटरने मोजली तर? साधे मीटर सरासरी घेतात आणि ही लाट घरच्या विजेसारखी गुळगुळीत आहे असं धरून तिला एका ठरावीक आकड्याने गुणतात. एवढ्या वेगाला तो मीटर पुरला असं घटकाभर मानलं, तरी ६ टक्केवाल्या कोॲगमध्ये तो खऱ्या १०० वॅटचे ६ वॅट दाखवील. इथे खरा आरएमएस काढणारं मापकच हवं. त्याची नमुने घेण्याची गती एवढी हवी की झटक्याचं टोकही सुटू नये आणि विसावाही मोजला जावा. टोक छाटलं गेलं की वॅट कमी दिसतात. कोॲग मोडच्या मापनावर ॲनालायझरची खरी परीक्षा होते. नुसता कट मोड तपासून शेरा मारणाऱ्याचा शेरा अर्धाच धरावा.

आरएमएस म्हणजे काय, तर ही लाट जेवढी उष्णता निर्माण करते तेवढीच उष्णता देणारा स्थिर प्रवाह. म्हणून जुन्या काळी उच्च वारंवारतेचे ॲमीटर उष्णतेवरच चालत. प्रवाहाने एक बारीक तार तापवायची, तिचं तापमान थर्मोकपलने वाचायचं. लाटेचा आकार कसाही असो, उष्णता तेवढीच. हीच कल्पना पाण्यावरही चालते. ५० वॅट एक मिनिटभर म्हणजे ३००० ज्यूल. एवढी उष्णता १०० ग्रॅम पाण्यात सगळी उतरली तर पाणी सात अंशांनी आणि थोडं वर तापतं. आमच्या प्रयोगशाळेत मुलं आवरण घातलेला रेझिस्टर थर्मासमध्ये बुडवून हा प्रयोग करायची. रोजच्या कामाला ही रीत फार संथ आहे. पण दोन ॲनालायझर वेगवेगळं बोलू लागले, तर खरं कोण हे ठरवायला उष्णतेइतका निर्मळ साक्षीदार नाही.



आतापर्यंतचं सगळं बाहेरून मोजण्याचं. पण आजची यंत्रं स्वतःही मोजतात. ऊतीचा रोध बदलला की यंत्राला ते क्षणात कळावं लागतं आणि त्याने व्होल्टेज फिरवून वॅट सांभाळावे लागतात. काही यंत्रं हे सेकंदाला तीन हजारांहून जास्त वेळा करतात. ७ मिलिमीटरपर्यंतची रक्तवाहिनी चिमट्यात धरून कायमची मिटवणारी साधनं आहेत, ती तर पूर्णपणे या आतल्या मापनावर उभी आहेत. कमी ऊर्जा गेली तर वाहिनीचं तोंड पुन्हा उघडण्याची भीती, जास्त गेली तर ती करपून चिमट्याला चिकटते. कुठे थांबायचं ते तिथे सर्जन ठरवत नाहीत, यंत्र ठरवतं.

यंत्राच्या आत व्होल्टेज आणि प्रवाह वेगवेगळ्या सेन्सरने मोजून क्षणाक्षणाचा गुणाकार घेतात. इथे एक बारीक जागा आहे आणि तिच्यावर मी थोडा रेंगाळणार आहे.

झोपाळ्यावर मूल बसलंय आणि तुम्ही झोका देताय. झोपाळा पुढे जाताना ढकललंत तर जोर कामी येतो. तो तुमच्याकडे येत असताना ढकललंत तर जोर लावूनही झोका मंदावतो. व्होल्टेज आणि प्रवाह यांचं असंच आहे. दोघे एका तालात असतील तर सगळी शक्ती ऊतीत उतरते. ऊती वाळत गेली की रोध चढतो, केबलची धारिता वरचढ होते आणि दोघांचा ताल सुटत जातो. प्रवाह भरपूर दिसतो, पण त्यातला बराचसा केबलमध्येच ये-जा करत असतो.

अशा वेळी ताल किती सुटला ते अचूक कळलं पाहिजे. पाच लाख आवर्तनांचं एक आवर्तन म्हणजे दोन मायक्रोसेकंद. त्याचे ३६० अंश पाडले तर एक अंश म्हणजे साडेपाच नॅनोसेकंद, सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या साडेपाच पट. ताल ८० अंशांनी सुटलेला असताना मापनात एका अंशाची चूक झाली, तर वॅट १० टक्क्यांनी चुकतात. आणि साडेपाच नॅनोसेकंदांत वीज केबलमधून किती जाते? साधारण एक मीटर. म्हणजे दोन सेन्सरपैकी एकाकडून येणारा संदेश मीटरभर केबलीइतका उशिरा पोचला, तर दहा टक्के गेले. मापन सुधारायचं म्हणजे कारखान्यात करायचं ते हेच. प्रत्येक यंत्राचे दोन्ही सेन्सर ज्ञात भारांवर तपासायचे, त्यांच्यातला उशीर मोजायचा आणि गणितात त्याची भरपाई लिहून ठेवायची. केबलची धारिता किती, तेही त्या गणितात घालायचं. मग यंत्र आपल्या सॉकेटपाशी मोजूनही पेन्सिलीच्या टोकाशी काय पोचलं ते काढू शकतं. भरपाई ज्या केबलसाठी लिहिली, त्याऐवजी बाजारातली दुसरीच लांब केबल लावली, तर तो हिशेब ढळतो. आपल्याकडे मूळ केबल तुटली की मिळेल ती जोडतात. ज्यांच्या हातात खरेदी आहे, त्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

वीस टक्क्यांची सूट का दिलेली आहे, हे आता वाचकांच्या ध्यानात आलं असेल. तारेची लांबी, ट्रॉली, रेझिस्टर, लाटेचा आकार, तालाचा अंश, प्रत्येक जण आपापला हिस्सा मागतो. जुन्या, व्होल्टेज न सांभाळणाऱ्या यंत्रांत गावच्या विजेचाही हिस्सा असे. पुरवठा १० टक्के उतरला की वॅट १९ टक्के उतरत.



सिस्टर म्हणाल्या ते "वाढवा, वाढवा" माझ्या मनातून जात नाही, त्याला घरचं कारण आहे.

माझ्या मावशीचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन उत्तम झालं. तिसऱ्या दिवशी तिच्या मांडीवर तळहाताएवढा भाजल्याचा डाग दिसला. आम्हाला सांगण्यात आलं की औषधाची ॲलर्जी असेल. डागाची एक कड सरळ रेघेसारखी होती, प्लेटच्या कडेसारखी. मावशी म्हणाली, "जाऊ दे रे, जीव वाचला ना." डाग भरायला दोन महिने लागले.

पेन्सिलीतून जेवढा प्रवाह शिरतो, तेवढाच प्लेटमधून बाहेर पडतो. ३०० ओहमला ३५ वॅट म्हणजे साधारण ३४० मिलिॲम्पिअर. टोकाला क्षेत्रफळ काही चौरस मिलिमीटर, म्हणून तिथे ऊती तापते. प्लेटचं क्षेत्रफळ त्याच्या कितीतरी पट, म्हणून तिथे काही होत नाही. मानकही प्लेटची परीक्षा अशीच घेतं: ७०० मिलिॲम्पिअर ६० सेकंद सोडले तरी कातडी ६ अंशांहून जास्त तापता कामा नये. पण प्लेट अर्धी सुटली, जेल वाळलं, खाली घडी पडली, तर तोच प्रवाह निम्म्या जागेतून जातो आणि तिथली उष्णता चौपट होते. प्लेट नीट चिकटलेली नसली की रोध वाढतो आणि टोकाशी शक्ती कमी पडल्यासारखी वाटते. सर्जन म्हणतात, वाढवा. वाढवलेले वॅट मग सुटलेल्या प्लेटवरही पडतात.

दोन भागांच्या प्लेटा आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारी यंत्रं १९८० च्या दशकापासून आहेत. त्यांत संपर्क बिघडला की यंत्र ओरडतं आणि थांबतं. आपल्या लहान रुग्णालयांत मात्र पुन्हा पुन्हा वापरायची स्टीलची प्लेट अजून दिसते. तिच्यावर असं लक्ष ठेवता येत नाही. तिथे तर आकड्यावर भरवसा असणं जास्तच गरजेचं. यंत्र ३५ म्हणजे ३५ देतं, हे आज सकाळी मोजून ठाऊक असेल, तर टोकाशी जोर कमी पडताच सिस्टरचा हात बटणाकडे न जाता प्लेटकडे जाईल. ठाऊक नसेल, तर दोष नेहमी यंत्राचाच वाटणार आणि उपाय नेहमी एकच असणार.



किराणा दुकानातल्या काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का असतो. ठरावीक मुदतीने तो काटा पुन्हा तपासून घ्यावा लागतो, नाहीतर दुकानदाराला दंड होतो. पाव किलो साखरेसाठी आपण ही व्यवस्था उभी केली आणि ती योग्यच आहे. थिएटरमधल्या वॅटला असा सरकारी शिक्का नाही. वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ साली आले आणि २०२० पासून सगळीच उपकरणं टप्प्याटप्प्याने त्यांच्या कक्षेत आली. त्यांचा भर यंत्र बनवणाऱ्यावर, आयात करणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर आहे. यंत्र रुग्णालयात बसल्यावर आठव्या वर्षी ते किती वॅट देतं, हे मोजणं रुग्णालयाच्या शिस्तीवर राहतं. एनएबीएच मानांकन घेतलेल्या रुग्णालयांना कॅलिब्रेशनच्या नोंदी ठेवाव्या लागतात. पंचवीस खाटांची बहुतेक रुग्णालयं त्या वाटेला जात नाहीत.

सरकारी बाजूला २०१५ मध्ये एक चांगलं काम झालं. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने जैववैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम हाती घेतला, त्याआधी देशभर यंत्रांची मोजदाद केली. २९,११५ आरोग्य संस्थांत ७,५६,७५० यंत्रं सापडली. वेगवेगळ्या राज्यांत त्यांतली १३ ते ३४ टक्के बंद होती. बंद यंत्र निदान दिसतं तरी. चालू असलेलं पण चुकीचं मोजणारं यंत्र कोणत्याच मोजदादीत येत नाही.



पुन्हा त्या थिएटरमध्ये. साडेसात होत आले होते. २७ हा आकडा अजून हवेतच होता. आलेखाप्रमाणे ३५ हवे होते, त्यामुळे खालची मर्यादा २८. यंत्र नापास?

विद्यार्थ्याने वहीत हिशेब केला. त्याच्या ॲनालायझरची स्वतःची अनिश्चितता ५ टक्के. म्हणजे खरा आकडा २५.६ पासून २८.४ पर्यंत कुठेही असू शकतो. नापास म्हणावं तर पुरावा अपुरा, पास म्हणावं तर त्याहून अपुरा. त्याने आणखी चार वाचनं घेतली, २०० आणि १००० ओहमवरही घेतली. सगळी आलेखाच्या खाली होती, एकही वर नव्हतं. कट मोड सगळीकडे ठीक होता. म्हणजे दोष होता आणि तो कोॲगच्या बाजूचा होता. ट्रॉलीवरचा २४ पाहूनही त्याने दोष आहे असंच लिहिलं असतं, पण मग तो किती आणि कुठे हे कुणालाच कळलं नसतं. बोर्ड दुरुस्त करणाऱ्याने तो ११ वॅटची तूट भरून काढण्याइतका चढवून ठेवला असता, आणि प्रत्यक्षात तूट ८ ची होती.

डॉक्टरबाई हात धुवायला आल्या. त्याने वही दाखवली. "मॅडम, कोॲग कमी देतंय, साधारण पाऊण पट. आजच्या केसला चालेल, पण सवयीने वाढवू नका, आधी प्लेट बघा. बोर्ड मी पुढच्या आठवड्यात उघडतो. आणि पुस्तिका कुठंय यंत्राची?"

पुस्तिका सापडत नव्हती. आलेख त्याने स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवला होता, म्हणून काम झालं. यंत्राच्या पाठीला त्याने कागदी टेप लावला आणि त्यावर पेनाने तारीख, मोड, ओहम, मागितलेले वॅट, मिळालेले वॅट आणि अनिश्चितता अशा सहा गोष्टी लिहिल्या. आधीच्या कॅलिब्रेशनवाल्याचं स्टिकर शेजारीच होतं. त्यावर तारीख आणि "ओके" एवढंच होतं.

हा लेख वाचणाऱ्यांत रुग्णालयांचे विश्वस्त असतील, डॉक्टर असतील, ओटीच्या सिस्टर असतील. त्यांना माझी विनंती आहे. तुमच्या कॉटरीच्या पाठीवरचं स्टिकर उद्या सकाळी बघा. त्यावर नुसतं "ओके" असेल, तर कॅलिब्रेशनवाल्याला बोलवा आणि आकडे मागा. कोॲगचे मागा, तीन वेगवेगळ्या ओहमवरचे मागा, १० वॅटचाही मागा. आणि तो आला की त्याला एक लाकडी स्टूल द्या.